खताने खाल्लेली चेसिस आणि रंगाचे तीन डबे

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात बाबांची टाटा ४०७ ही मालवाहू गाडी सगळ्यांच्या ओळखीची आहे. १९९६ साली घेतलेली. कापूस जिनिंगला न्यायचा, तूर-हरभरा बाजार समितीत न्यायचा आणि परतीला खताच्या बॅगा आणायच्या, हे तिचं एकोणतीस वर्षांचं काम. इंजिन दोनदा उघडून झालं, केबिनचे पत्रे बदलून झाले, पण चेसिसकडे, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याकडे, कोणी वाकून पाहिलं नव्हतं. २०२५च्या जानेवारीत ती पूर्ण उघडी करून आम्ही रंगवली. रंग कोणता लावायचा या एका प्रश्नावर माझे जवळजवळ दोन महिने गेले. ज्याला विचारावं तो वेगळा डबा दाखवायचा. आता एक पावसाळा उलटून गेला आहे आणि मी गाडीखाली झोपून सगळं तपासलं आहे, म्हणून लिहायला बसलो. कोणाच्या अंगणात अशीच जुनी गाडी उभी असेल तर त्याची निदान धावपळ वाचेल.

सुरुवात २०२४च्या दिवाळीनंतर झाली. मागचा पाटा (स्प्रिंगची पट्टी) तुटला म्हणून गाडी मिस्त्री काकाजींकडे नेली. पाटा काढताना त्यांनी लहान हातोडीने चेसिसवर ठोके मारायला सुरुवात केली.

"आयक," ते म्हणाले. "इथं टणटण वाजते. अन् इथं पाह्य, आवाज मुका झाला."

मागून दुसऱ्या क्रॉस मेंबरवर, म्हणजे आडव्या तुळईवर, त्यांनी तिसरा ठोका दिला आणि हातोडीचं टोक आत गेलं. हाताएवढा पोपडा खाली पडला. मी तो उचलला. पानावर पान ठेवल्यासारखे त्याचे थर होते, बाहेरचा थर भगवा, आतला काळा, आणि दोन थरांच्या मध्ये पांढरी भुकटी. जिभेला लावून पाहिली तर खारट. (तुम्ही असं करू नका. खताचं असतं ते.)

ती पांढरी भुकटीच सगळ्या दुखण्याचं मूळ होती. पोटॅश म्हणून आपण जे आणतो ते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचं सख्खं भावंड. बॅग फाटते, डाल्याच्या, म्हणजे मागच्या हौद्याच्या, फळ्यांतून खत खाली सांडतं, चेसिसच्या कोनात जाऊन बसतं. हवेतला ओलावा ओढून घेतं आणि उन्हाळा सोडला तर ती जागा कधी कोरडी होतच नाही. चेसिस नुसती पाण्याने गंजते त्याच्या कितीतरी पट वेगाने अशा ठिकाणी गंजते. त्यात आमचा पट्टा खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातलं विहिरीचं पाणी खारं, आणि त्याच पाण्याने आम्ही वर्षानुवर्षं गाडी धूत आलो. धुतल्याचं समाधान व्हायचं आणि चेसिसवर मिठाचा आणखी एक हात बसायचा.

हे सगळं आधी कळलं असतं तर २०२१चा खर्च वाचला असता. त्या वर्षी मे महिन्यात मी चेसिस वायर ब्रशने घासून तिला रेड ऑक्साइड आणि वरून काळा इनॅमल मारला होता. पोळ्यापर्यंत फोड आले. फोड फोडला की आतून पाण्याचा थेंब यायचा. तेव्हा वाटलं रंग भेसळीचा निघाला. खरं कारण असं की रंगाखाली मीठ राहिलं होतं. रंगाच्या पापुद्र्यातून ओलावा थोडा थोडा आत जातोच, आणि खालचं मीठ तो ओढून धरतं. मग फोड येणारच, रंग कितीही भारी असो.

डिसेंबर सगळा विचारपूस करण्यात गेला. बाबांचं म्हणणं जुन्या चालीचं होतं: "कायले एवढा खर्च करतं बापू? दर मृगाच्या आधी जळकं ऑइल मारतोच ना आपण." आणि रंगच लावायचा तर जवसाच्या तेलात शेंदूर कालवून लावायचा, जसा त्यांच्या लहानपणी लोखंडी कामाला लावत. बाबा चूक नव्हते. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, आणि जवसाच्या तेलातला शेंदूर हा गंजावरचा फार जुना, खात्रीचा इलाज आहे. हाताने घासलेल्या लोखंडावरही तो चिकटतो. पण शिसं विष आहे. अंगणात माझ्या भावाची दोन लहान मुलं खेळतात, म्हणून तो विचार सोडला. जुन्या गाडीवर आधीचा केशरी-लाल थर असेल तर तोही कोरडा घासू नका. पाणी मारून खरवडा आणि खरवड गोळा करून घ्या.

जळक्या ऑइलबद्दल एक सांगतो. ते थोडं काम करतं, यात शंका नाही. आमच्या चेसिसचा इंजिनजवळचा भाग, जिथे एकोणतीस वर्षं तेल गळत होतं, तिथलं लोखंड नव्यासारखं निघालं. पण त्यावर धूळ बसते, रबरी बुश आणि पाइप फुगतात, आणि पुढे रंग लावायचा म्हटलं की तेच तेल आडवं येतं.

तालुक्याच्या दुकानात पुन्हा रेड ऑक्साइडच पुढे केलं. बॉडी बांधणाऱ्यांनी डांबरी काळा रंग सांगितला. स्वस्त आहे, पाणी अडवतो, पण आमच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा तो मऊ पडतो आणि डिझेलचे थेंब पडले की विरघळतो. मोबाइलवरच्या व्हिडिओंत गंज-बदल द्रावणाची चलती होती. गंजाचं काळ्या थरात रूपांतर करणारं आम्ल असतं ते. पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर ते चालतं. पोपडे सुटणाऱ्या जाड गंजावर लावलं तर वरचा थर काळा होतो आणि खाली कारभार चालूच राहतो.

२० डिसेंबरला अमरावतीला औद्योगिक रंगांच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या तरुणाने लगेच झिंक-रिच प्रायमर काढला, सगळ्यात महाग डबा. मी पैसे काढणार तेवढ्यात आत बसलेल्या वयस्क गृहस्थांनी विचारलं, "लोखंड कशानं साफ करणार तुम्ही?"

हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, ग्राइंडरला वायर ब्रश लावून. त्यांनी डबा परत फळीवर ठेवला. मग अर्धा तास समजावून सांगितलं. झिंक-रिचमधल्या जस्ताच्या भुकटीला नागड्या लोखंडाला चिकटून बसावं लागतं. तेव्हाच जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं. मध्ये गंज किंवा जुना रंग राहिला तर त्यातलं जस्त वाया. म्हणजे ब्लास्टिंग (हवेच्या जोराने कणांचा मारा करून लोखंड साफ करणं) हवंच, आणि तेही साडेदोनच्या दर्जाचं. (एसए २½ असं लिहितात. त्यात लोखंड जवळजवळ पूर्ण पांढरट राखाडी दिसतं, फक्त कुठे कुठे सावलीसारखे डाग राहतात.) शिवाय जस्ताला आम्ल सोसत नाही आणि क्षारही सोसत नाही, आणि आमची गाडी खतं वाहणारी. त्यांनी सुचवलं ते असं: ब्लास्टिंग होत असेल तर झिंक फॉस्फेटचा एपॉक्सी प्रायमर, त्यावर एपॉक्सी मॅस्टिक, आणि ऊन लागतं तिथे वरून पीयू (पॉलियुरेथेन रंग). ब्लास्टिंग होतच नसेल तर प्रायमर वगळून मॅस्टिकचे दोन हात, कारण मॅस्टिक हाताने घासलेलं, थोडा घट्ट गंज राहिलेलं लोखंडही धरून ठेवतो. एपॉक्सीला ऊन सोसत नाही, वरून खडूसारखी पावडर सुटते. पण चेसिसच्या आतल्या बाजूला ऊन येतंच कुठे? तिथे पीयूचा खर्च करायची गरज नाही.

तिथून निघालो तेव्हा पहिल्यांदा हलकं वाटलं. डबा आधी निवडायचा नव्हता. लोखंड किती साफ होऊ शकतं ते आधी ठरवायचं होतं, मग डबा आपोआप ठरत गेला.

रंग किती लागेल तेही त्यांच्यासमोरच मांडलं. आमच्या चेसिसचा आतून-बाहेरून मिळून पृष्ठभाग साधारण ११ चौरस मीटर निघाला. डेटाशीटवर (रंगाच्या माहितीपत्रकावर) 'व्हॉल्यूम सॉलिड्स' असा आकडा असतो, म्हणजे वाळल्यावर किती टक्के रंग उरतो तो. त्याला दहाने गुणायचं आणि थर जितके मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड हवा त्याने भागायचं, म्हणजे एका लिटरात किती चौरस मीटर होतील ते कळतं. ६० टक्क्यांचा प्रायमर ७५ मायक्रॉन बसवायचा तर ६०० भागिले ७५, म्हणजे लिटरला ८ चौरस मीटर. हिशेबाने दीड लिटर पुरे. पण अरुंद चॅनेलवर गन मारताना चाळीस टक्के रंग हवेत जातो, म्हणून अडीच लिटर धरले आणि ४ लिटरचा सेट (रंग आणि तो कडक करणारा हार्डनर) घेतला. तालुक्यातला दुकानदार २० लिटरचा ड्रम गळ्यात मारत होता.

२३ डिसेंबरला आरटीओत गेलो, कारण एक भीती मनात होती. चेसिस नंबर लांबाईवर, म्हणजे चेसिसच्या बाजूच्या लांब तुळईवरच, कोरलेला असतो. ब्लास्टिंगमध्ये तो पुसट झाला तर? दोन तास रांगेत उभं राहिल्यावर खिडकीवर नीट उत्तर मिळालं. आर.सी.वर नोंदलेल्या गोष्टींत बदल करायचा तर मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२प्रमाणे परवानगी लागते. नुसती चेसिस रंगवायला लागत नाही. बॉडीचा रंग मात्र आर.सी.वर आहे तोच ठेवा, आणि नंबर वाचता आलाच पाहिजे. घरी येऊन पहिलं काम केलं ते नंबरच्या जागेचं. रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढली, कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतले, एक नाही, चार. तारीख दिसेल असे फोटोही काढले. मग त्या जागेवर जुन्या ट्यूबच्या रबराचा तुकडा चिकटवून वरून टेपचे तीन वेढे दिले. ब्लास्टिंगवाल्याला तोंडीही सांगितलं आणि टेपवर लाल खडूने मोठं 'नको' लिहिलं. तुम्ही बाकी काही विसरलात तरी हे विसरू नका.

२ जानेवारीपासून गाडी उघडायला घेतली. डाला उतरवायला आठ माणसं आणि चेन-ब्लॉक, केबिनला एक दिवस, इंजिन-गिअरबॉक्सला दोन दिवस. एक्सल आणि पाटे मिस्त्री काकाजींनी काढले. वायरिंगला मी चिंध्यांच्या चिठ्ठ्या बांधत गेलो. प्रत्येक बोल्ट त्याच्या जागेच्या नावाने वेगळ्या डब्यात ठेवला. उघडी चेसिस अंगणात विटांवर ठेवली तेव्हा बाबा बराच वेळ तिच्याभोवती फिरले. काही बोलले नाहीत. दोन लांबाया, पाच क्रॉस मेंबर, बस. एवढ्यावर आमचं घर उभं राहिलं, माझं शिक्षण झालं.

कुजलेला क्रॉस मेंबर कापून काढला. अमरावतीच्या भंगार बाजारात त्याच मापाचा चांगला मिळाला. रिपीट (रिव्हेट) मारणारे आता सापडत नाहीत, म्हणून तो हाय-टेन्साइल बोल्टने बसवला. दोन ठिकाणी वेल्डिंग करावं लागलं, तेही लांबाईच्या वरच्या-खालच्या पट्टीवर न करता फक्त उभ्या भागावर, कारण सगळा ताण पट्टीवर येतो. कापणं, जोडणं, वेल्डिंग हे सगळं रंगाच्या आधीच उरकून घ्या. नंतर केलं तर त्या जागेचा रंग जळतो, आणि जस्ताचा रंग असेल तर त्याचा धूर बाधतो.

ब्लास्टिंगच्या आधी धुणं. आधी डिटर्जंट आणि गरम पाणी, मग थिनरची चिंधी. चिंधी दर हातभरावर बदलायची, नाहीतर तेल एका जागेचं दुसऱ्या जागी जातं. डिझेलने धुऊन तसंच सोडलं तर त्याचाच पापुद्रा राहतो. शेवटचं पाणी गोडंच हवं होतं. आमच्याकडे नळ दिवसाआड येतो. दोन पाळ्यांचं पाणी ड्रममध्ये साठवलं आणि त्याने फवारा मारला. शेजारच्या काकूंनी विचारलं, पिण्याचं पाणी लोखंडाला कायले? मी त्यांना तो पांढऱ्या भुकटीचा पोपडा दाखवला.

ब्लास्टिंगसाठी दोन जागा पाहिल्या होत्या. एका ठिकाणी नदीची कोरडी रेती वापरत होते, आणि मारणारा पोरगा तोंडाला नुसता दुपट्टा बांधून उभा होता. रेतीची ती धूळ फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो आणि त्यावर औषध नाही. तिथे दर कमी होता, पण काम द्यावंसं वाटलं नाही. दुसऱ्या जागी, अमरावतीच्या एमआयडीसीत, कॉपर स्लॅगने (तांबं वितळवताना उरणाऱ्या मळीच्या कणांनी) करत होते आणि माणसाला हवा पुरवणारं टोपडं होतं. ६,००० रुपये ठरले. गड्याचा संक्रांतीचा सण होऊ दिला आणि १६ जानेवारीला चेसिस ट्रॉलीत घालून नेली. ट्रॅक्टर-ट्रॉलीचे जाऊन-येऊन ४,००० झाले.

१७ तारखेला सकाळी अकराला ब्लास्टिंग संपलं. मी आयुष्यात एवढं स्वच्छ लोखंड पाहिलं नव्हतं. मांजराच्या पाठीसारखा राखाडी रंग, हात फिरवला तर बारीक खरखर. (हात मोजे घालून फिरवा, घामाचेही डाग पडतात.) अर्ध्या तासाने मी मागच्या टोकाशी गेलो तर खड्ड्यांच्या तळाशी काळे ओले ठिपके दिसले. मोहरीएवढे. जिथे खत साचायचं नेमक्या त्याच जागा. पुसले तर दहा मिनिटांत परत आले. लोखंडाला घाम सुटावा तसं. तिथला माणूस म्हणाला, "होते तसं, मारा प्रायमर." मी नाही म्हटलं. खड्ड्यात मीठ उरलं आहे हे ते ठिपके सांगत होते, आणि २०२१चे फोड मला आठवत होते. सोबत नेलेलं नळाचं पाणी, नायलॉनचा ब्रश, मग कॉम्प्रेसरची हवा, असं दोनदा धुतलं आणि तेवढ्या भागावर पुन्हा ब्लास्ट मारून घेतला. त्याचे १,५०० वेगळे. तिसऱ्या वेळी ठिपके आले नाहीत.

पण या सगळ्यात चार वाजले, आणि इथे माझी चूक झाली. उघडं लोखंड रात्रभर ठेवायला मन धजेना, म्हणून साडेचारला प्रायमर मारायला घेतला. प्रायमर तिथेच मारायचं आधीच ठरलं होतं, कारण ब्लास्ट केलेलं लोखंड काही तासांत पुन्हा लाल होऊ लागतं. गावापर्यंत आणायला नको. पेंटर भाऊंनी काम उत्तम केलं, पण रात्री थंडी पडली, दव पडलं. सकाळी पाहतो तर रंगावर पांढरट, चिकट साय. बोट लावलं की ठसा उठत होता. माझ्या पोटात गोळा आला.

त्या वयस्क गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, घाबरू नका. हार्डनरमधला काही भाग थंडीत आणि ओलीत वर येऊन अशी साय धरते, पाण्याने निघते. कोरडी घासू नका, घासाल तर आत जाईल. कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, साध्या पाण्याने धुवा, वाळू द्या, मग पॉलिश पेपर मारा. तसंच केलं. दोन रात्री चेसिस तिथेच ठेवावी लागली, त्यांनी १,००० रुपये जागेचे घेतले. तिसऱ्या दिवशी रंग नखाने निघत नव्हता. तेव्हापासून माझा नियम: आमच्याकडे थंडीत रंगकाम सकाळी दहा ते दुपारी दोन. त्याआधी लोखंड दवाने गार आणि ओलं असतं, नंतर मारलं तर रात्रीच्या दवाआधी वाळत नाही. लोखंड दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश गरम हवं असं डेटाशीटवर लिहिलेलंच असतं, मीच वाचून पुढे गेलो होतो. उन्हाळ्यात मात्र उलटं करायचं, भल्या सकाळी मारायचा, कारण मे महिन्यातल्या दुपारी मिसळलेला एपॉक्सी डब्यातच घट्ट होतो.

मॅस्टिक घरी, २२ जानेवारीला. आधी एक इंची ब्रशने कडा, रिपीट, बोल्टची भोकं, वेल्डचे जोड. रंग कडेवरून मागे सरतो आणि तिथे सगळ्यात पातळ बसतो, गंज नेमका तिथूनच सुरू होतो. या कामाला अख्खी सकाळ गेली. पेंटर भाऊंना ते फुकटचं वाटत होतं, म्हणून ते मी आणि बाबांनी केलं. बाबांचा हात थरथरतो, पण रिपीटच्या प्रत्येक डोक्याभोवती त्यांनी ब्रश गोल फिरवला, एकही सोडला नाही.

मग मुख्य हात. रंग आणि हार्डनर मापाने मिसळायचे, नजरेने नाही, आणि मिसळून वीस मिनिटं तसेच ठेवायचे. एका वेळी लिटरभरच. थर मोजायला दातेरी पट्टी मिळते, १५० रुपयांना, ती ओल्या रंगावर टेकवायची. आमच्या मॅस्टिकला ओला १२५ मायक्रॉन म्हणजे वाळून १०० होत होता. जिथे दोन पत्रे एकावर एक आहेत त्या फटीत पातळ केलेला मॅस्टिक ब्रशने जिरवला, आणि वरून सीलंटची रेघ ओढली. पण फक्त वरच्या बाजूने. खालची फट मोकळी ठेवली, म्हणजे आत शिरलेलं पाणी निघून जाईल. चेसिसच्या तळाची पाणी जायची भोकंही तारेने साफ करून घेतली. आमची तर सगळी चिखलाने बुजली होती.

पीयू २५ तारखेला, फक्त बाहेरच्या बाजूला, ब्रश आणि रोलरने. गनने छान बसतो, पण त्याच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फवाऱ्यातून श्वासात गेलं तर दमा लागू शकतो. दुपट्ट्याने ते अडत नाही. एपॉक्सीसाठी आम्ही वाफ गाळणाऱ्या काडतुसांचे दोन मास्क ७०० रुपयांना एक असे घेतले होते. पीयूची गन मात्र टाळलीच.

सात दिवस चेसिसला हात लावला नाही. ३ फेब्रुवारीपासून जोडणी. पाट्यांचे यू-बोल्ट आणि हँगर जिथे दाबून बसतात तिथे आम्ही फक्त प्रायमर ठेवला होता. जाड थर दाबाखाली चेपतो आणि बोल्ट ढिले पडतात. तरी पाचशे किलोमीटरनंतर सगळे पुन्हा आवळले. गाडी चालू करायच्या दिवशी स्टार्टर नुसता कण्हत होता. बॅटरी बदलून पाहिली, तेच. शेवटी काकाजींना उमगलं: अर्थिंगची पट्टी रंगावर बसवली होती. रुपयाएवढी जागा खरवडून चकाकती केली, पट्टी आवळली, वरून ग्रीस लावलं आणि पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली.

खर्च सगळा मिळून ५८,१०० रुपये झाला. त्यात उघडणं-जोडणं १८,०००, ब्रेक पाइप, बुश आणि बोल्ट ७,८००, पेंटर भाऊंची मजुरी ४,०००. तिन्ही डबे आणि थिनर मिळून ७,२००, म्हणजे एकूण खर्चाचा आठवा हिस्सा.

पासिंगची (फिटनेस तपासणीची) मुदत ५ मार्चला संपत होती. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला ते दरवर्षी लागतं. ऑनलाइन २४ फेब्रुवारीची तारीख मिळाली. विमा, पीयूसी, टॅक्सची पावती, रिफ्लेक्टिव्ह टेप, सगळं तयार ठेवलं. त्याच सुमारास १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरच्या) पाट्या सक्तीच्या झाल्या, त्यांचे ७४५ अधिक जीएसटी वेगळे गेले. निरीक्षकांनी वाकून टॉर्च मारला, चेसिस नंबर बोटाने वाचला, आर.सी.शी ताडून पाहिला. नंबरच्या जागेवर मी रंग न लावता पारदर्शक लॅकरचा एक पातळ हात आणि वर ग्रीस ठेवलं होतं. ते पुसलं की आकडे लख्ख. अर्ध्या तासात मोकळे झालो.

मार्चमध्ये हरभरा वाहिला, जूनमध्ये खतं, मग पूर्ण पावसाळा. दसरा झाल्यावर गाडी उंच उचलून मी टॉर्च आणि तीच लहान हातोडी घेऊन खाली झोपलो. इंच इंच पाहिलं. दोन जागी गंज सापडला. एक, जिथे जॅक लावताना रंग खरचटला होता. दुसरा, मागच्या हँगरच्या बोल्टखाली, जिथे वॉशरने रंग कापला होता. दोन्ही रुपयाएवढे. घासून, गोड पाण्याने धुऊन, उरलेल्या मॅस्टिकने झाकले. (उरलेला रंग आणि हार्डनर झाकण घट्ट लावून वेगवेगळे ठेवा, सावलीत, तारीख लिहून.) ज्या खड्ड्यांना घाम सुटत होता तिथे एकही फोड नाही. त्या जागी मी तीनदा बोट फिरवून पाहिलं.

परवा पोटॅशच्या चाळीस बॅगा आणायच्या होत्या. मी गाडी काढायला गेलो तर बाबांनी डाल्यात जुनी ताडपत्री दुहेरी अंथरून तिच्या कडा वर दुमडून बांधल्या होत्या, आणि परतल्यावर धुवायला नळाच्या पाण्याचे दोन ड्रम भरून ठेवले होते.